दोन जीबीच्या पलीकडची पत्रं

या सदरात आपण बहुतेक वेळा नवीन गोष्टींबद्दल बोलतो. या वेळी जुन्याकडे जायचं आहे, कारण गेला महिनाभर माझ्या टेबलावर एक पिवळट पडलेला सीपीयू उघडा पडून आहे आणि घरात सगळे विचारतायत की हा पसारा कधी आवरणार.

हा सीपीयू मोठ्या मामांचा. ते जाऊन सहा वर्षं झाली. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी माळ्यावर, जुन्या चादरीत नीट गुंडाळून ठेवलेला. मामीनं तो कधी भंगारात दिला नाही आणि कधी उघडायलाही सांगितला नाही. दिवाळीच्या सुमारास ताई, म्हणजे माझी मामेबहीण, अमेरिकेहून आली, सोबत तिचा अठरा वर्षांचा मुलगा. त्यानं एक दिवस सहज विचारलं, ‘‘आजी, आई अमेरिकेत गेली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. मग तुम्ही बोलायचात कसं?’’ मामी म्हणाली, ‘‘तुझे आजोबा मेल लिहायचे. रोज रात्री. सगळ्या मेल त्या डब्यात आहेत, पण तो डबा बिघडलाय.’’

डबा बिघडला नव्हता. बिघडली होती त्यातली एकच फाइल.

तुमच्यापैकी ज्यांनी ब्राउझरमध्येच मेल पाहिली आहे, त्यांना हे जरा विचित्र वाटेल. आपली मेल आज कुठेतरी दूरच्या सर्व्हरवर असते, आपण ती फक्त पाहतो. पण २००० च्या आसपास फुकट मिळणाऱ्या मेल खात्यांत जागा किती असायची? हॉटमेलमध्ये २ एमबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि १ जीबी देऊ लागलं, तेव्हा कित्येकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. त्याआधीची रीत अशी होती की मोडेम लावायचा, त्याची ती चिरकी शीळ ऐकायची, जोडणी झाली की सर्व्हरवरच्या मेल आपल्या संगणकावर उतरवून घ्यायच्या आणि फोनचं बिल वाढायच्या आत जोडणी तोडायची. मेल उतरवण्याच्या या पद्धतीला पॉप थ्री म्हणतात. साधारणपणे यात मेल एकदा उतरली की सर्व्हरवरून पुसली जायची. म्हणजे पोस्टमननं पत्र आणून दिलं, आता पोस्टात त्याची दुसरी प्रत नाही.

मोठे मामा आउटलुक वापरायचे. त्यात आलेल्या, गेलेल्या, खोडलेल्या सगळ्या मेल, पत्त्यांची वही, दिनदर्शिका असं सगळं एकाच फाइलमध्ये साठतं. तिच्या नावाच्या शेवटी पीएसटी असं असतं. सात-आठ वर्षांचा संसार एका पेटीत. आणि २००६ च्या एका सकाळी ती पेटी उघडेना. फाइलमध्ये चुका आढळल्या आहेत, दुरुस्तीचं साधन वापरा, असा इंग्रजी संदेश यायचा. मामांनी एका दुकानदाराला बोलावलं. त्यानं दहा मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, ‘‘काका, गेलं ते गेलं. फॉरमॅट मारून देतो.’’ मामांनी फॉरमॅट मारू दिलं नाही, नवीन संगणक घेतला आणि जुना चादरीत गुंडाळला. त्यांच्या या एका नकारामुळे पुढचं सगळं जमलं.

तर पहिली गोष्ट. बिघडलेल्या फाइलवर थेट काम करायचं नाही, तिची प्रत काढायची आणि सगळे प्रयोग प्रतीवर करायचे. मी सीपीयू सुरूही केला नाही. आतली हार्ड डिस्क काढली, जुन्या डिस्कला यूएसबीची तार जोडणारं एक छोटं यंत्र मिळतं ते लावलं आणि फाइल माझ्या संगणकावर उतरवली. डिस्कमधून टक टक असा आवाज येत असता तर मी तिथेच थांबलो असतो, कारण मग बिघाड यंत्राचा असतो आणि दर वेळी चालू करताना डिस्क आणखी खराब होत जाते. तसं झालं तर डिस्क डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच द्यायची. आमची डिस्क बिचारी शांत होती. इतकी वर्षं माळ्यावर राहूनही फाइल शेवटपर्यंत वाचली गेली.

भाच्यानं फाइलचा आकार पाहिला आणि म्हणाला, ‘‘मामा, ही बरोबर दोन जीबीच्या जरा पुढे आहे. योगायोग आहे का?’’

योगायोग नव्हता, तिथेच रोग होता. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत पीएसटी फाइलला २ जीबीची मर्यादा होती. त्या फाइलच्या आत कोणती गोष्ट कुठे आहे हे लिहिण्यासाठी जे आकडे वापरले जात, त्यांची झेप तिथपर्यंतच होती. आउटलुक २००३ पासून फाइलचा साचाच बदलला, मर्यादा आधी २० जीबी आणि २०१० च्या आवृत्तीपासून ५० जीबी झाली. पण मामांची फाइल जुन्या साच्याची. जुनं आउटलुक ही भिंत जवळ आल्याचं धड सांगायचंही नाही. मेल येत राहिल्या, फाइल फुगत राहिली आणि एका सकाळी भिंतीपलीकडे गेली.

कशानं फुगली, हे नंतर कळलं आणि आम्ही सगळे हसलो. ताईची आणि मामांची पत्रं नव्हती ती. एक पानभर पत्र म्हणजे तीन-चार केबी, हजार पत्रं झाली तरी चार एमबी. फाइल फुगली ती लोकांनी पुढे ढकललेल्या हिमालयाच्या चित्रमालिकांनी, गाणी जोडलेल्या गणपतींनी आणि ‘अकरा जणांना पाठवा नाहीतर’ छापाच्या मजकुरानं. मामांना काही खोडवत नसे. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं म्हणून काय झालं, ती माणसं तेव्हाही होतीच.

आता दुरुस्ती. आउटलुकसोबत स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं साधन फुकट येतं. ते मेनूमध्ये दिसत नाही, ऑफिसच्या फोल्डरमध्ये आत जाऊन शोधावं लागतं, त्यामुळे वर्षानुवर्षं आउटलुक वापरणाऱ्यांनाही त्याचा पत्ता नसतो. ते काय करतं हे समजायला आपल्या मंडळाचं वाचनालय डोळ्यांपुढे आणा. पुस्तकं कपाटात आहेत, पण कोणतं कुठल्या खणात आहे ते नोंदवहीत लिहिलेलं. नोंदवही भिजली तर पुस्तकं जागेवर असूनही सापडणार नाहीत. पीएसटी फाइलमध्येही अशा नोंदवह्या असतात, आणि बहुतेक वेळा बिघडतात त्या नोंदवह्याच, पत्रं नाहीत. स्कॅनपीएसटी एकेक कपाट तपासून नोंदवही नव्यानं लिहितं. ज्या पुस्तकाचं मुखपृष्ठच फाटलंय, कुठल्या खणातलं ते कळत नाही, त्यांचा वेगळा ढीग करतं. हरवलेलं-सापडलेलं अशा अर्थाच्या नावाचा एक फोल्डर बनतो, त्यात हे पोरके कागद जातात.

पण आमच्या फाइलला ते हातच लावेना. भिंत ओलांडलेल्या फाइलपुढे तेही हतबल असतं. यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टनंच पूर्वी एक छोटं अवजार काढलं होतं. ते फाइलच्या शेपटाकडून आपण सांगू तितके एमबी कापतं आणि उरलेल्याची नवी फाइल बनवतं. कापलेलं परत येत नाही.

इथे ताई अडली. ‘‘शेपूट म्हणजे शेवटची पत्रं ना? मग ती जाणार?’’

तिला सांगितलं तेच इथे सांगतो. पीएसटी फाइल ही वहीसारखी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तारीखवार भरत नाही. एखादी मेल खोडली की तिची जागा मोकळी होते आणि नंतरची मेल तिथे जाऊन बसते. मोठी मेल तुकड्यातुकड्यांनी ठेवली जाते. त्यामुळे शेपटात काय असेल हे आधी सांगता येत नाही. २००६ चा गणपती जाईल किंवा २००१ चं पत्र जाईल. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. निर्णय मामीचा होता. ती म्हणाली, ‘‘अरे, आत्ता तरी काय हाताशी आहे? काप.’’

प्रतीची आणखी एक प्रत काढली आणि २५ एमबी कापले. स्कॅनपीएसटी चाललं, मध्येच थांबलं. पुन्हा मूळ प्रतीवरून सुरुवात, या वेळी ४० एमबी. आता चाललं. एकदा चालवून भागत नाही, चुका शून्यावर येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायचं असतं. आम्हाला पाच फेऱ्या लागल्या. एकेक फेरीला अर्धा-पाऊण तास. तोवर शेव-उसळ झाली, चहा झाला, भाच्याचं ‘सॅमसंगच्या जमान्यात हे काय’ असं सुरू झालं. पाचव्या फेरीनंतर फाइल उघडली आणि डाव्या बाजूला फोल्डरची नावं आली. त्यांत एक नाव होतं ‘चिऊ’. ताईचं घरातलं नाव. ताई उठून आत गेली.

मोडकी फाइल दुरुस्त झाली म्हणून तिच्यातच राहायचं नसतं. लगेच नवी, कोरी पीएसटी फाइल करून सगळं तिच्यात हलवलं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच होतं.

थोडं विषयांतर. आउटलुक न वापरता थंडरबर्ड वापरणारेही आपल्यात आहेत. त्यांचं काम सोपं असतं. थंडरबर्डमध्ये एका फोल्डरच्या मेल साधारणपणे एकाच लांबलचक साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक ठेवलेल्या असतात आणि त्यांची सूची एमएसएफ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. फोल्डर रिकामा दिसू लागला तर कार्यक्रम बंद करून फक्त ती सूचीची फाइल काढून टाका, सूची पुन्हा आपोआप बनते. आणि खोडलेली मेलही लगेच पुसली जात नाही, तिच्यावर ‘खोडली’ अशी खूण होते इतकंच. ‘कॉम्पॅक्ट’ असं म्हणेपर्यंत ती तिथेच असते. म्हणून चुकून काही खोडलं असेल तर आधी कॉम्पॅक्ट करू नका. अशा फाइलमध्ये मराठी मेल शोधायची एक गंमत भाच्यानं शोधली. युनिकोड मराठी मजकूर मेलमधून जाताना बऱ्याचदा रोमन अक्षरांच्या एका संकेतात बांधला जातो, आणि देवनागरीनं सुरू होणारा मजकूर त्यात जवळपास नेहमी चार हा आकडा, मग के, मग एस किंवा डब्ल्यू असा सुरू होतो. फाइलमध्ये ते तीन खुणेचे वर्ण शोधले की मराठी पत्राचा माग लागतो. माझ्या एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाजारात विकतची दुरुस्तीची साधनंही भरपूर आहेत. त्यांची नमुना आवृत्ती सगळ्या मेलची यादी दाखवते आणि जतन करायला गेलं की पैसे मागते. काही खरंच चांगली आहेत. पण आधी घरचं फुकट साधन वापरून पाहा, आणि कुणाला फाइल ऑनलाइन पाठवून ‘दुरुस्त करून द्या’ असं सांगू नका. तुमच्या घरची सगळी पत्रं, बँकेची कागदपत्रं त्यात असतात. पीएसटीला लावलेल्या पासवर्डवर तर विसंबूच नका. तो मजकूर खऱ्या अर्थानं कुलूपबंद करत नाही, फक्त आउटलुकच्या दारावर विचारला जातो.

मुख्य गोष्टीकडे येतो. मामीला एक विशिष्ट पत्र हवं होतं, हे तिनं चौथ्या दिवशी सांगितलं. २६ जानेवारी २००१. बडोद्यातल्या घरांना तो दिवस सांगायला नको. सकाळी पावणेनऊला जमीन हलली, भूजमध्ये हाहाकार झाला, अहमदाबादला इमारती कोसळल्या. इथेही सगळे रस्त्यावर आले होते. न्यू जर्सीत तेव्हा पंचवीस तारखेची रात्र, सव्वादहा वाजलेले. ताईनं टीव्हीवर ‘गुजरात’ एवढंच ऐकलं आणि फोन लावत बसली. फोन लागत नव्हते. संध्याकाळी कधीतरी मामांचा मोडेम लागला आणि त्यांनी एक मेल पाठवली. ताईला ती तिच्या पहाटे मिळाली. ती म्हणते, त्या रात्रीनंतर मला दुसरी कुठली मेल इतकी मोठी वाटली नाही. तिच्याकडची प्रत तिच्या जुन्या फुकट खात्याबरोबर गेली. ते खातं न वापरल्यामुळे बंद झालं होतं.

आम्ही ‘पाठवलेल्या मेल’ पाहिल्या. जानेवारी २००१ च्या एकवीस मेल होत्या, सव्वीसची नव्हती. ‘हरवलेलं-सापडलेलं’ या ढिगात सातशेच्या वर कागद होते, कित्येकांना विषय नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. भाच्यानं एकेक उघडून पाहिला. त्यातही नाही. ४० एमबीच्या शेपटात ती गेली असावी. ताई म्हणाली, जाऊ दे. मामी काही बोलली नाही.

सापडलं ते दुसऱ्या बाजूनं. ‘चिऊ’ फोल्डरमध्ये सत्तावीस तारखेची ताईची मेल होती. तिनं दोन ओळी लिहिल्या होत्या, रोमन अक्षरांत मराठी. खाली मात्र प्रत्येक ओळीच्या आधी बाणासारखी खूण आणि पुढे अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा काला. आम्ही तो कचरा समजून दोनदा ओलांडून गेलो होतो. मग माझ्या लक्षात आलं. ताईनं मामांच्या मेललाच उत्तर दिलं होतं आणि तेव्हाच्या सवयीनं खालचा मूळ मजकूर तसाच राहिला होता. आणि तो काला म्हणजे मामांचं मराठी.

युनिकोड घरोघरी येण्याआधी मराठी टंकायची रीत वेगळी होती. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी चित्र बसवलेला फाँट असायचा. मामा शिवाजी फाँट वापरायचे. कागदावर मराठी दिसे, पण आत साठे ती रोमन अक्षरंच. फाँट काढला की मुखवटा उतरतो आणि काला दिसतो. मी तो फाँट शोधून बसवला, मजकूर एका कोऱ्या पानावर चिकटवला, बाणाच्या खुणा काढल्या आणि सगळ्याला शिवाजी फाँट लावला. ‘चि. चिऊ’ अशी पहिली ओळ उमटली.

पूर्ण नाही उमटलं. अशा फाँटमध्ये २५६ घरं असतात. पहिल्या निम्म्या घरांतली अक्षरं सुखरूप येतात. वरच्या निम्म्यातली, म्हणजे बरीच जोडाक्षरं आणि काही मात्रा, मेलच्या एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जाताना गळतात आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ही गळती त्या वेळीच, पत्र अमेरिकेत जाऊन परत येताना झालेली. तिला कुठलंही साधन दुरुस्त करू शकत नाही, कारण ती अक्षरं आता जगात कुठेच नाहीत.

भाचा संगणकावर बसला, मामी शेजारी खुर्ची ओढून. तो वाचायचा, खळगा आला की थांबायचा आणि मामी अक्षर सांगायची. आम्ही सगळे सुखरूप आहोत. भिंतीला जिन्याजवळ भेग गेली आहे, काळजीचं कारण नाही. शेजारचे सगळे रस्त्यावर आहेत, चहा रस्त्यावरच झाला. फोन लागला की करतो, तू रडू नकोस. मग एका ओळीवर तो अडला. ‘तुझी आई’ यानंतर प्रश्नचिन्हांची रांग, आणि पुढे ‘घेऊन बाहेर धावली, मी अजून हसतो आहे’.

‘‘आजी, काय घेऊन?’’

ताईला आठवत नव्हतं. तिनं त्या रात्री फक्त पहिली ओळ वाचली होती, असं ती म्हणाली.

‘‘पातेलं,’’ मामी म्हणाली. ‘‘दुधाचं पातेलं. उतू जायला आलं होतं ना! गॅस बंद करायचं सुचलं नाही, पातेलं तेवढं उचललं. साडीच्या पदरानं धरून. आणि हे वर जिन्यातून ओरडतायत, अगं सोड ते, सोड ते. सोडते कशी? दोन लिटर दूध होतं.’’

भाच्यानं प्रश्नचिन्हांची रांग निवडली आणि तिथे ‘दुधाचं पातेलं’ टंकलं. मग थांबून मला विचारलं की मूळ फाइल प्रश्नचिन्हांसकट वेगळी ठेवायची का. ठेवली. दोन्ही प्रती आता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहेत, नोटपॅडमध्येही उघडतात. एक ताईच्या घरी, एक माझ्याकडे. मामीला तिची प्रत कागदावर हवी होती, मोठ्या अक्षरात. ती तिनं देवघराच्या कपाटात ठेवली आहे आणि सीपीयू परत माळ्यावर टाकायला सांगितलाय. त्याच चादरीत.